तळ्याखालचं इनाम

चाककाकांच्या घरी कोणी नवखा माणूस आला, की चहाला उकळी फुटायच्या आत त्याला एक गोष्ट कळायची. काकांच्या पायाखालची पाच बिघे जमीन विकत घेतलेली नाही, ती इनामाची आहे. त्याने विचारलेलं नसायचं. पण काका विचारायची वाट बघणाऱ्यांतले नव्हते. पाहुणा पंखा दुरुस्त करायला आलेला असो की मत मागायला, त्याला आधी इनाम ऐकावं लागे, मग त्याचं काम.

खरं नाव त्यांना होतंच, पण ते फक्त मतदार यादीला ठाऊक. गावाच्या वरच्या अंगाला जुनं तळं होतं, तळ्याला दगडी भिंत, भिंतीत लोखंडी दरवाजा आणि तो दरवाजा वर-खाली करायला छातीएवढं उंच चाक. पाणी खुणेच्या वर चढलं की चाक फिरवून दरवाजा उचलायचा आणि जादा पाणी ओढ्याला सोडायचं. हे काम काकांच्या घराण्याकडे सात पिढ्यांपासून होतं, म्हणून ते चाककाका. दरवाजा पूर्ण उघडायला चाकाचे बेचाळीस वेढे लागतात, त्यातला एकोणिसावा जड जातो, भिंतीच्या कोणत्या सांध्यातून पाझर येतो, पाझराचं पाणी गढूळ झालं तर कशाची भीती, हे सगळं त्यांना तोंडपाठ. रोज सकाळी काठी घेऊन ते भिंतीचा एकेक दगड ठोकत जायचे. पाटबंधारे खात्याचा माणूस वर्षातून एकदा यायचा, चाकाला हात लावायचा, काका आहेत ना, मग काय बघायचं, असं म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा.

घर भिंतीच्या पायथ्याशी होतं. इतकं जवळ, की मागच्या दारातून मान वर केली तर आभाळाआधी दगड दिसत. बारा महिने ओल. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, भिंतींना पोपडे, मिठाच्या बरणीत पाणी. पण तक्रार करायची सोय नव्हती. काकांच्या लेखी याच्याइतकी मानाची जागा गावात दुसरी नव्हती. घराण्याच्या मूळ पुरुषाने म्हणे एकट्याने चाक फिरवून बुडतं गाव वाचवलं होतं. दरबार खूश झाला, म्हणाला, माग, कुठली जमीन हवी ती माग. तर हा म्हणाला, पाण्याच्या जितकी जवळ देता येईल तितकी द्या. ही गोष्ट काकांनी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकली होती आणि वडिलांच्या तोंडून शंभरदा. पुरावा म्हणून पत्र्याच्या नळकांड्यात एक कागद होता, जुन्या लिपीतला. तो घरात कुणालाच वाचता येत नव्हता, आणि वाचता येत नव्हता म्हणूनच त्याचा दरारा जास्त होता.

या मानाबरोबर एक रीतही चालत आली होती. पावसाळ्याचे चार महिने घरातलं मूल रात्री घराबाहेर निजायचं नाही. मोठी माणसं जावोत कुठेही, मूल मात्र अंधार पडायच्या आत घरात हवं. मामाकडे नाही, आजीकडे नाही, शाळेच्या सहलीला तर नाहीच नाही. का, असं कोणी विचारलं तर काका म्हणायचे, आपल्या घराची रीत आहे. काळ्या दगडावरची रेघ, तिच्यापुढे प्रश्न चालत नाहीत.

त्या रेघेपायी काय झालं होतं तेही सांगायला हवं, कारण घरात ते कोणी सांगत नसे. एकतीस वर्षांपूर्वी काकांचा धाकटा मुलगा चार वर्षांचा होता. ऐन पावसाळ्यात त्याला ताप भरला. शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने सलाईन लावलं आणि बजावलं, दोन दिवस याला इथून हलवू नका. दवाखान्याच्या दारात काकू म्हणाली, तुम्ही जा चाकाजवळ, मी बसते याच्यापाशी. काकांनी ऐकलं नाही. संध्याकाळच्या बसने, शालीत गुंडाळून, त्यांनी पोराला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर गेलं. काका भेटायला येणाऱ्यांना सांगत राहिले, आपल्या घरात गेला, आपल्या माणसांत गेला. काकूने त्यावर कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलायची, आणि शेजारपाजारचे म्हणायचे, काय शांत जोडपं आहे.

आता प्रश्न नातीचा होता. काकांचा थोरला मुलगा टँकर चालवायचा, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. सून घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. त्यांची सहा वर्षांची मुलगी एवढीशी होती, सगळे तिला टिचकी म्हणत. ओल वाढली की टिचकीच्या छातीतून शिट्टी वाजायची. गेल्या पावसाळ्यात दोनदा तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं, हिला पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवा, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही. सुनेचा भाऊ शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायचा, ऊन भरपूर, शाळा समोर. सुनेने सासऱ्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा काका म्हणाले, पावसाळा संपला की ने. चौथ्यांदा ती विचारणार नव्हती, मुलीला उचलून नेणार होती. मग घर दुभंगेल आणि नवरा मधल्यामध्ये चिरडला जाईल, हे तिला कळत होतं. आणि पावसाळा तीन आठवड्यांवर आला होता.

तेवढ्यात जमीन मोजणीच्या कचेरीतून पत्र आलं. जुन्या देणग्यांवर राहणाऱ्यांनी मूळ कागद आणि जाणकाराने केलेली त्याची नक्कल घेऊन यावं, जमीन रीतसर नावावर करून मिळेल. काकांना दुधात साखर पडल्यासारखं झालं. जमीनही पक्की होईल, आणि आपल्या घराण्याचा मान काय होता ते सुनेला कागदावरून ऐकवता येईल, म्हणजे ती तरी पुन्हा विषय काढणार नाही. ते मुद्दाम तिलाच बरोबर घेऊन निघाले. तूही ऐक, म्हणाले. काका कधी कधी नको तिथे हुशारी करत.

जुनी लिपी वाचणाऱ्या बाई शहरात एका छापखान्याच्या माडीवर बसत. खाली यंत्राची धडधड चाललेली, वर टेबल थरथरतंय, आणि बाई त्याच थरथरत्या टेबलावर भिंग धरून अक्षर लावतायत. पंचेचाळीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. कागदाच्या कोपऱ्यांवर ठेवायला त्यांच्याकडे नदीतले चार गोटे होते, धूळ झाडायला रंगकामाचा मऊ कुंचला. नळकांड्यातला कागद त्या इतक्या हळू उलगडत होत्या की काकांना धीर धरवेना. त्यांनी मूळ पुरुषाची गोष्ट सांगायला घेतलीच. बाईंनी मान वर न करता हात वर केला आणि म्हणाल्या, आधी कागदाला बोलू द्या.

मग अक्षर लावता लावता त्यांनी आल्यागेल्याला सांगावं लागतं तेच काकांनाही सांगितलं. सगळे असंच धरून येतात, की इनाम म्हणजे राजाने पाठ थोपटून दिलेली भेट. तशीही इनामं असत, नाही असं नाही. पण मुळात इनाम म्हणजे एवढंच, की या जमिनीचा शेतसारा दरबार घेणार नाही. का घेणार नाही, ते पुढे लिहिलेलं असतं. कुणाला विद्येसाठी, कुणाला लढाईत बाप गेला म्हणून. तुमचं आहे चाकरीचं इनाम. सारा माफ, पण त्याच्या बदली काम. काम थांबलं की जमीन परत. काका म्हणाले, थांबलंय कुठे, सात पिढ्या चालू आहे. बाई म्हणाल्या, चांगलं आहे, पण कामाबरोबर अटीही असतात, आणि बोलता बोलता गप्प झाल्या. भिंग खालच्या ओळीवर गेलं, पुन्हा वरच्या ओळीवर आलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"घरात लहान मूल आहे का?"

"आहे. मुलगी आहे माझी," सून म्हणाली. "का हो?"

बाईंनी का ते सांगितलं नाही. त्यांनी सरळ वाचायला सुरुवात केली, किराणा सामानाची यादी वाचावी तशा आवाजात.

"तुम्हांस तळियाचे दरवाजाची राखण सांगोन भिंतीखालीं भुई बिघे पाच इनाम दिली असे. तुम्ही कुटुंबासुद्धां तेथेंच राहावें. पर्जन्यकाळीं लेकरें रात्रौ अन्य स्थळीं निजों देऊं नयेत. लेकरें पाण्याखालीं निजलीं म्हणजे राखणदार जागा राहील. यास अंतर पडल्यास इनाम परत घेतलें जाईल."

खाली यंत्र धडधडतच होतं. काकांना वाटलं, त्या आवाजात आपल्याला काहीतरी भलतंच ऐकू आलं. परत वाचा, ते म्हणाले. बाईंनी परत वाचलं. काकांनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा मात्र बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"काका, कितीदा वाचलं तरी तेच आहे. भिंत फुटली तर पहिलं तुमचं घर जाणार, म्हणून तर जमीन तिथे दिली. पोरं त्या घरात निजली असली की बापाचा डोळा लागत नाही. पोरं ओलीस ठेवलीत यात."

आयुष्यभर ज्या भिंतीच्या सावलीत काका छाती काढून चालले होते, ती सावली मागून घेतलेली नव्हती. कुणीतरी गादीवर बसून हिशेब केला होता, की या माणसावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्याची पोरं पाण्याखाली ठेवलेली बरी. आणि त्या हिशेबाला आपण मान म्हणत आलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर ऐकवत आलो. काकांना भरदिवसा, सुनेसमोर, उघडं पडल्यासारखं वाटलं.

बाईंनी कागद उलटा केला. मागे वेगळ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. त्याही त्यांनी वाचल्या. "लेकरूं एक ओलीनें मेलें, सबब बाकीचीं टेकडीवर निजवूं द्यावीं म्हणोन राखणदाराचा अर्ज. नामंजूर." त्याखाली एक आडवी रेघ होती. सही येत नसलेल्या माणसाची निशाणी, बाई म्हणाल्या.

म्हणजे मूळ पुरुषाला सगळं माहीत होतं. त्याने मागितलं होतं, पण जमीन नव्हे. त्याला नाही म्हटल्यावर उरलेल्या पोरांना काय सांगायचं, म्हणून त्याने ती बुडत्या गावाची गोष्ट रचली असणार. तुम्हाला ओलीस ठेवलंय, असं कुठला बाप पोरांना सांगेल? त्या गोष्टीवर सात पिढ्यांची पोरं निजली. हे काकांना उमगलं, आणि पाठोपाठ दुसरंही उमगलं. दरबाराने नामंजूर एकदाच म्हटलं होतं. आपण सुनेला तीनदा म्हटलं, आणि त्याआधी दवाखान्याच्या दारात काकूला. त्यांची सुनेकडे बघायची छाती होईना. सून जिभेची तिखट, एरवी एकाचे दोन ऐकवणारी. त्या वेळी तिने चार शब्द सुनावले असते तर काकांना हलकं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, नक्कल आजच मिळेल का.

दुपारी नक्कल घेऊन दोघं मोजणीच्या कचेरीत गेली. तिथला साहेब थोरल्या मुलाच्या वयाचा, बोलायला मोकळा. त्याने पूर्वेला काय, पश्चिमेला काय, तेवढ्या चतुःसीमा नकाशाशी ताडून पाहिल्या, बाकीच्या मजकुरावरून नजर फिरवली आणि म्हणाला, पक्का कागद आहे काका, जमीन तुमची, अभिनंदन. काका उठले नाहीत. त्यांनी अटीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, मूल पावसाळ्यात दुसरीकडे निजलं तर जमीन जाईल का. साहेबाला आधी हसू आलं. मग त्याने काकांचा चेहरा पाहिला आणि तो हसायचा थांबला.

"अहो, या अटी कधीच्याच रद्द झाल्या. चाकरीची सगळी इनामं कायद्याने मोडली. जमीन राहणाऱ्याची झाली, फक्त कागदावर यायची राहिली होती."

काकांनी विचारलं, कधी. साहेबाने मागच्या कपाटातून जाड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि साल दाखवलं. त्या साली काका स्वतः नऊ वर्षांचे होते. भिंतीखालच्या त्याच खोलीत, ओल्या गादीवर निजत होते. आम्हाला कोणी सांगितलं नाही, ते म्हणाले. साहेब म्हणाला, जाहीर केलंच असणार, गावात कागद लावला असेल, वाचला नसेल कोणी. पण वाचला असता तरी काय होणार होतं? कायद्याने अट मोडली होती. काकांच्या घरात ती अट आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, ते तिला रीत म्हणत होते, आणि रीत मोडणारा कायदा कुठल्या कचेरीत निघतो? पाणी बघायला बाप जागा राहिला, बापाचा बाप जागा राहिला, त्याचं काकांना काही वाटलं नाही. पण पोरं उगाचच पाण्याखाली निजली. सत्तावन्न वर्षं उगाच. साहेबाने पुढे केलेला पाण्याचा पेला काकांनी उचलला आणि तसाच खाली ठेवला.

परतीच्या बसमध्ये अर्धी वाट ते खिडकीबाहेर बघत बसले. मग एकदम सुनेकडे वळले.

"तिला आजच ने."

"आज आता बस नाही, बाबा. उद्या सकाळी नेते," सून म्हणाली. थोड्या वेळाने तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. काका पाणी प्यायले आणि हुंदका आवरता आवरता त्यांना ठसका लागला. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पुढच्या बाकावरच्या बाई वळून बघत होत्या तरीही.

सकाळी काका स्वतः टिचकीची पिशवी उचलून थांब्यापर्यंत गेले. टिचकीला मामाकडे राहायचं म्हणून इतका आनंद झाला होता की तिला आजोबांकडे बघायलाही फुरसत नव्हती. बस वळणाआड गेली. काका भिंतीकडे गेले नाहीत. त्या दिवशी दगड ठोकायचे राहिले, हे गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते घरी आले आणि स्वयंपाकघरात काकूसमोर पाटावर बसले.

काकू भाजी निवडत होती. काकांनी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. भिंग, गोटे, मागच्या दोन ओळी. नक्कल उलगडून ती ओळ वाचून दाखवली, लेकरं पाण्याखाली निजली म्हणजे राखणदार जागा राहील. काकूचे हात चालूच होते.

"पोरं कुठेही निजली असती तरी मी जागाच राहिलो असतो गं," काका म्हणाले. "पावसाळ्यातली एक रात्र मी डोळा लावला नाही. एक नाही."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाली. "शेजारीच होते ना मी."

एवढं लांब वाक्य ती त्यांच्याशी फार दिवसांनी बोलली होती. काकांना वाटलं, आता ती रडेल, किंवा उठून जाईल. ती रडली नाही. तिने निवडलेली भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले.

"ती अट कधी मोडली म्हणालात?"

"मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा."

काकूचे ओठ हलत होते, मनातल्या मनात ती वर्षं मागे मोजत होती. लग्नापर्यंत गेली, थोरल्यापर्यंत आली, मग धाकट्यापाशी येऊन थांबली.

"म्हणजे तो तापाने फणफणला होता तेव्हा अट नव्हती."

"नव्हती."

"दरबारही नव्हता."

"कधीच गेला होता."

"मग त्या दिवशी दवाखान्याच्या दारात मला अडवलं कोणी?"

काकांच्या जिभेवर शब्द तयार होता, रीत. एकतीस वर्षं तोच एक शब्द त्यांनी पुढे केला होता, आणि समोरचा माणूस त्यावर गप्प बसत असे. काकू त्यांच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने असं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. काकांनी तो शब्द गिळला.

"मी," ते म्हणाले.